कर्ता गेला, घर राहिले

जिंकणाऱ्या संघाचे गुणगान कुणीही करील. पण मला विचाराल, तर संघाची खरी परीक्षा त्याची सद्दी संपते त्या दिवसापासून सुरू होते. म्हणून या दिवाळीत आमच्या सदरात गोष्ट सांगतो ती अमेरिकेतल्या बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाची.

१९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत या संघाने अकरा अजिंक्यपदे पटकावली. त्यांतली आठ तर १९५९ पासून ओळीने! या वैभवाचा आधारस्तंभ होता बिल रसेल. हा सहा फूट दहा इंचांचा गडी स्वतः किती गुण करतो, यापेक्षा समोरच्याला किती करू देत नाही, यासाठी नावाजलेला. घरात आजोबा ओसरीवर बसलेले असले, की दाराची कडी विसरली तरी चालते ना? तसेच हे. पाठीशी रसेल उभा आहे, या भरवशावर इतर चौघे बेधडक पुढे धावत. १९६६ पासून तर प्रशिक्षकही तोच होता.

१९६९ चा अखेरचा सामना लॉस एंजल्समध्ये झाला. यजमानांनी विजयोत्सवासाठी छताशी फुगे बांधून ठेवले होते. बोस्टनने १०८-१०६ असा विजय मिळवला आणि फुगे छतालाच राहिले! त्याच वर्षी रसेल निवृत्त झाला. त्याचा जुना जोडीदार सॅम जोन्सही गेला.

मग व्हायचे तेच झाले. पुढच्या हंगामात ३४ विजय आणि ४८ पराभव! अजिंक्यपदाच्या बाद फेरीत शिरण्याचीही मारामार. १९५० नंतर अशी नामुष्की प्रथमच आली होती.

आता गंमत पाहा. तिकडच्या व्यावसायिक स्पर्धेत नवे खेळाडू निवडताना मागे पडलेल्या संघांना आधी पाळी मिळते. पंगतीत उपाशी माणसाला आधी वाढावे, तसाच हा न्याय. वर्षानुवर्षे शेवटच्या पाटावर बसणाऱ्या बोस्टनला १९७० साली चौथी पाळी मिळाली. संघाचा कारभार पाहणाऱ्या रेड अवरबाखने निवडले डेव्ह कॉवेन्सला. उंची सहा फूट नऊ इंच. मधल्या जागेसाठी ही कमीच, असे जाणकारांचे मत. पण हा तांबड्या केसांचा पोरगा दमणे म्हणून जाणत नव्हता. जोजो व्हाइट आदल्याच वर्षी आला होता, आणि १९७२ साली पॉल सायलस येऊन मिळाला.

मला यात मोठी वाटते ती एक गोष्ट: अवरबाख आणि नवा प्रशिक्षक टॉम हाइनसोन यांनी दुसरा रसेल घडवण्याचा हट्ट धरला नाही. कॉवेन्स जसा होता तसा घेतला आणि खेळच त्याच्या बेताने कापून शिवला. तो लांबून चेंडू टाकी, त्यामुळे उंच प्रतिस्पर्ध्याला बास्केट सोडून बाहेर यावे लागे. आणि जुन्या घराची रीत सांगायला जॉन हॅवलिचेक होताच. रसेलबरोबर सहा अजिंक्यपदे भोगलेला हा माणूस पडत्या काळातही संघातच राहिला.

विजय ४४ झाले, मग ५६, मग १९७३ साली ६८! पण त्याच वर्षी ऐन लढतीत हॅवलिचेकचा खांदा दुखावला आणि न्यूयॉर्कने घास हिरावला. १९७४ साली मात्र गाठ पडली मिलवॉकीच्या सात फूट दोन इंची करीम अब्दुल-जब्बारशी. सातव्या, निर्णायक सामन्यात कॉवेन्सने २८ गुण केले आणि बोस्टन १०२-८७ ने जिंकले. १९७६ साली पुन्हा अजिंक्यपद आले.

आपल्याकडे कर्ता माणूस गेला, की थोरल्या मुलाला वडिलांचा कोट चढवायची घाई होते. बाह्या लांब पडतात, खांदे उतरतात, आणि लोक म्हणतात, "बापाची सर नाही हो!" बिचाऱ्या मुलाचा काय दोष? त्याच्या मापाचा कोट शिवायला थोडा वेळ लागतो. बोस्टनला पाच वर्षे लागली. तेवढा धीर आपणही धरायला काय हरकत आहे?