पोस्टव्हिलची धाड : बेड्या मजुरांना, अभय मालकाला

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पोस्टव्हिल हे जेमतेम तेवीसशे वस्तीचे गाव. 12 मे 2008 रोजी सकाळी या गावावर केंद्र सरकारच्या सशस्त्र अंमलदारांची धाड पडली. डोक्यावर हेलिकॉप्टरे घिरट्या घालीत असताना 'ॲग्रिप्रोसेसर्स' या कोशर मांसाच्या कारखान्यातून 389 कामगार पकडून नेण्यात आले. त्यांतील 290 ग्वाटेमालाचे होते, तर 93 मेक्सिकोचे. सहा माणसांमागे एक माणूस एका सकाळीत गावातून नाहीसा झाला!

भांडवलदारी वृत्तपत्रांना या गावाची ओळख तत्पूर्वीच झालेली होती. पण ती निराळ्या कारणाने. 1987 साली ब्रुकलीनच्या रुबाश्किन या हसिदी ज्यू कुटुंबाने येथील बंद पडलेला कत्तलखाना विकत घेतला. जर्मन व नॉर्वेजियन वंशाच्या ल्यूथरपंथी शेतकऱ्यांच्या गावात रब्बी आले, पाठोपाठ पूर्व युरोपातील व नंतर मध्य अमेरिकेतील मजूर आले. स्टीफन ब्लूम या प्राध्यापकांनी 2000 साली यावर एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच 'संस्कृतींचा संघर्ष' हे शब्द घातले. कोण कोणाला नमस्कार करीत नाही, कोणाच्या अंगणातले गवत वाढले आहे, याची चर्चा अशा लिखाणात मनसोक्त चालते. परंतु कत्तलखान्याच्या पट्ट्याशी सुरी घेऊन उभ्या असलेल्या मजुराला किती तास राबविले जाते, हा प्रश्न मागे पडतो. खरा संघर्ष त्या पट्ट्याशीच होता. न्यू यॉर्कच्या 'फॉरवर्ड' या ज्यू साप्ताहिकानेच 2006 साली तेथील हलाखी उजेडात आणली, ही गोष्ट धर्माधर्माचे भांडण रंगविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

हे ग्वाटेमालाचे लोक आयोवापर्यंत आले तरी का? 1954 साली जमीनसुधारणा करू पाहणारे आर्बेंझ यांचे निर्वाचित सरकार अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उलथून पाडले. पुढे 1960 ते 1996 पर्यंत चाललेल्या यादवीत सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतील फार मोठा भाग माया आदिवासींचा होता. ज्या साम्राज्यशाहीने त्यांच्या देशाची ही गत केली, तिच्याच दाराशी ते पोट भरण्यास आले, तेव्हा त्यांना 'घुसखोर' म्हणण्यात आले.

आता न्यायदानाचा प्रकार पाहा. सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील वॉटर्लू शहरात गुरांच्या प्रदर्शनाचे मैदान आहे. तेथेच तुरुंग उभा राहिला, तेथेच न्यायालय भरले. हातापायांत साखळ्या घातलेल्या मजुरांना दहा-दहांच्या तुकड्यांनी न्यायाधीशासमोर उभे करण्यात आले. सरकारी वकिलांनी पर्याय ठेवला तो असा : खोट्या क्रमांकाचा वापर केल्याचा गुन्हा कबूल करा, पाच महिने तुरुंगात काढा आणि सुनावणीचा हक्क सोडून मायदेशी जा, नाही तर दुसऱ्याची ओळख चोरल्याचा आरोप आहेच, त्याला किमान दोन वर्षे. विचाराला मुदत सात दिवस. खटला लढवावा, तर निकाल लागेपर्यंत पाच महिन्यांहून अधिक काळ कोठडीतच जाणार. घरी बायकापोरे उपाशी असलेला माणूस काय निवडील? जवळजवळ तीनशे जणांनी गुन्हा कबूल केला आणि धाडीनंतरच्या दोन आठवड्यांत बहुतेकांना शिक्षा झालेली होती.

या कारखानदारी न्यायाची हकीकत जगाला कळली ती एका दुभाष्यामुळे. एरिक कामायद-फ्रेइक्सास हे न्यायालयाने नेमलेले दुभाषी. दुभाष्याने शब्द पोचवावेत आणि गप्प राहावे, असा त्या व्यवसायाचा दंडक. अनेक आरोपींची मातृभाषा माया कुळातील असून स्पॅनिशसुद्धा त्यांना परकी आहे, 'सोशल सिक्युरिटी क्रमांक' म्हणजे काय हेच कित्येकांना उमगलेले नाही, हे त्यांनी पाहिले. खटले आटोपल्यावर त्यांनी सविस्तर निबंध लिहिला आणि अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे साक्षही दिली. भाषांतर करणाराला अर्थ कळतो आणि अर्थ कळल्यावर मौन पाळणे सोपे राहत नाही.

पुढील वर्षी, 4 मे 2009 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'फ्लोरेस-फिगेरोआ' खटल्यात एकमताने निर्णय दिला की, क्रमांक दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सिद्ध झाल्याखेरीज ओळखचोरीचा तो आरोप टिकत नाही. म्हणजे ज्या धाकाने पोस्टव्हिलच्या मजुरांकडून कबुल्या घेतल्या, तो धाकच पोकळ होता! मात्र तोपर्यंत ते मजूर पाच महिने भोगून हद्दपार झालेले होते.

आणि मालक? अल्पवयीनांना कामाला जुंपल्याबद्दल आयोवा राज्याने 9311 आरोप ठेवले. अखेर त्यांतील 67 उरले आणि 2010 साली शोलोम रुबाश्किन सर्व 67 आरोपांतून निर्दोष सुटला. स्थलांतर कायद्याखालील 72 आरोप सरकारनेच मागे घेतले. खालच्या काही मुकादमांना शिक्षा झाल्या, तेवढेच. खुद्द रुबाश्किनला 27 वर्षांची सजा झाली खरी, पण ती बँकेला फसविल्याबद्दल! भांडवलाने भांडवलाला लुबाडले की कायदा खडबडून जागा होतो. तीसुद्धा डिसेंबर 2017 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी कमी केली व तो सुटला.

याच कंपनीच्या ब्रुकलीन येथील गोदामातील कामगारांनी 2005 साली युनियनच्या बाजूने मतदान केले होते. त्यावर कंपनीने म्हटले काय? हे कामगार बेकायदा आहेत, सबब त्यांचे मत ग्राह्य नाही! माल उचलायला ते कायदेशीर होते. हात वर करताच बेकायदा ठरले. जानेवारी 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कागदपत्रे नसलेला मजूर भांडवलदाराला हवाच असतो. नको असते ती त्याची संघटना. त्याच्या डोक्यावर टांगलेली हद्दपारी हे मजुरी उतरविण्याचे हत्यार आहे. शेजारच्या गोऱ्या मजुराची मजुरीही त्याच हत्याराने छाटली जाते, हे त्या गोऱ्या मजुराला उमजू नये म्हणून 'परके आपली कामे पळवितात' ही ओरड.

धाडीनंतर गावाची जी दैना झाली, तिला सीमा नाही. कुटुंबांनी सेंट ब्रिजेट चर्चमध्ये आसरा घेतला. मुलांसाठी मोकळ्या ठेवलेल्या मातांच्या घोट्याला विजेरी पट्टे बांधले. त्यांना काम करण्याची बंदी आणि गाव सोडण्याचीही. दुकाने ओस पडली, घरे रिकामी झाली. 27 जुलैला सुमारे हजार माणसांनी मोर्चा काढला. त्यात कॅथलिक होते, ज्यू रब्बीही होते. संस्कृतींचा संघर्ष म्हणतात तो हाच काय?

कारखान्याने मात्र नवी माणसे शोधली : मिनेसोटातील सोमाली निर्वासित, टेक्सासच्या निवाऱ्यांतील बेघर, पॅसिफिकमधील पलाउ बेटांचे रहिवासी. या साऱ्यांचे कागद चोख होते, तरी नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने दिवाळे काढताच तेही वाऱ्यावर पडले. 2009 साली कॅनडातील एका भांडवलदाराने कारखाना घेतला आणि 'ॲग्री स्टार' या नावाने पट्टा पुन्हा फिरू लागला.

धाडींचे ते तंत्रही संपलेले नाही. 10 जून 2025 रोजी शेजारच्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा येथील 'ग्लेन व्हॅली फूड्स' या मांसाच्या कारखान्यावर तशीच धाड पडली आणि सत्तरहून अधिक कामगार पकडले गेले. तेथील मालकाने प्रत्येक कामगाराचे कागद 'ई-व्हेरिफाय' या सरकारच्याच यंत्रणेतून तपासून घेतलेले होते.