दहावा माणूस

मुलगा प्रवासास निघाला कीं त्याच्या ट्रंकेंत काय काय भरावें याची यादी घरोघर तयार असते. परंतु प्रवास सेवेचा असेल तर मनांत काय भरावें, याची यादी कोणी करावयाची? अमेरिकेंतील ज्यू विद्यार्थ्यांचे गट सुटींत परदेशांतील आपल्या धर्मबांधवांकडे सेवेसाठीं जात असतात. त्यांच्या तयारीचा विचार करतां हाच प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो.

या कार्यामागें जुनी परंपरा आहे. १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध पेटलें असतां, तुर्कस्तानांतील अमेरिकन राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनीं पॅलेस्टाईनमधील संकटग्रस्त ज्यूंसाठीं ५०,००० डॉलर पाठवावे, अशी तार न्यूयॉर्कला केली. रक्कम जमली, आणि त्याच वर्षीं 'जॉइंट' या नांवानें ओळखली जाणारी मदतसंस्था जन्मास आली. आज ती पैशाबरोबर तरुण माणसेंही पाठविते.

अशा गटांच्या वाटेवरचें एक शहर म्हणजे क्यूबाची राजधानी हॅवाना. १९५९ च्या क्रांतीपूर्वीं त्या बेटावर सुमारें १५,००० ज्यू होते. पुढें त्यांतील बहुतेक देश सोडून गेले आणि मागें थोडेच उरले. हॅवानाच्या वेदादो भागांतील प्रार्थनामंदिरांत एक औषधालय चालतें. तेथील औषधें ज्यूंस मिळतात, तशींच शेजारपाजारच्या इतरांसही. म्हणून विद्यार्थी निघण्यापूर्वींच औषधें जमवूं लागतात. येथेंच तयारीचा पहिला धडा आहे. अर्धी राहिलेली बाटली आणि मुदत संपलेल्या गोळ्या पिशवींत कोंबणें हें दान नव्हे. ती घरांतील अडगळ काढणें होय. तेथें काय हवें आहे हें आधीं विचारावें, आणि तेंच न्यावें.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील, "इतक्या तिकिटांचा पैसा तसाच पाठविला तर अधिक औषधें येणार नाहींत काय?" येतील, हा आक्षेप खोटा नाहीं. भिंती रंगविण्यास हॅवानांत माणसें आहेत. त्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ माणसें लागतात. परंपरेनें हे दहा पुरुषच. नऊ जमले तर कांहीं प्रार्थना म्हणतां येत नाहींत. लहान समाजांत एक म्हातारा आजारी पडला कीं हा आंकडा मोडतो. हुंडी कितीही मोठी असो, ती दहावा माणूस होऊं शकत नाहीं. पाहुणा होऊं शकतो. मात्र त्यानें दाता म्हणून व्यासपीठावर न बसतां त्यांच्यांतलाच एक म्हणून ओळींत उभें राहिलें पाहिजे.

हें साधावें कसें, याचें उत्तर आपल्या कोंकणांत सांपडतें. मुंबईसही असे तरुण स्वयंसेवक येतात, ते बेने इस्रायल समाजाकडे. हे लोक शनिवारीं तेलाचे घाणे बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. घरची भाषा मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर, दिवेकर. १७९६ सालीं त्यांनीं मुंबईंत आपलें पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलांत गेले. परंतु एलियाहू प्रेषिताच्या नांवानें पोहे, खोबरें व फळें यांचा मलिदा आजही केला जातो. न्यूयॉर्कच्या मुलानें हा मलिदा जन्मांत पाहिलेला नसतो. 'हें आमच्याकडे नाहीं' असें म्हणून तो नाक मुरडील, कीं हात पुढें करून प्रसादाप्रमाणें घेईल, यावर त्याची सारी सेवा अवलंबून आहे. ज्यांनीं शतकानुशतकें बाहेरच्या आधारावांचून शनिवार पाळला, त्यांस शनिवार शिकविण्यास निघालेल्यानें आधीं त्यांच्यापुढें विद्यार्थी होऊन बसावें.

म्हणून आमच्या मतें या मनाच्या यादींत तीनच जिन्नस पुरेत: यजमानांच्या भाषेंतील शेंदोनशें शब्द, त्यांच्या इतिहासाची खरी ओळख, आणि परतल्यावर पत्रव्यवहार न तोडण्याचा निश्चय. तिकिटाचा खर्च त्या आठ दिवसांत फिटत नाहीं. तो पुढील आठ वर्षांत फेडावयाचा असतो. आपल्या घरचीं मुलें कोठल्याही सेवाशिबिरास निघालीं, तर ट्रंक बंद करण्यापूर्वीं आईबापांनीं ही यादीही एकदां त्यांस वाचून दाखवावी.