उन्हाळीचं कुठं लिहायचं?

मागच्या वर्षी पालखी निघायच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. देहूत बचत गटाच्या बायकांसाठी आरोग्य शिबिर ठरलं होतं आणि त्याचा फॉर्म मी तयार केला होता. नाव, वय, मुलं किती, पाळी नियमित आहे का, अंगावरून पांढरं जातं का, रक्तदाब, साखर. बायका भिंतीला टेकून फॉर्म भरत होत्या. चाकणला कंत्राटावर कामाला जाणारी तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, उन्हाळीचं कुठं लिहायचं? आणि पोट साफ होत नाही, त्याचं?"

फॉर्मवर तशी जागाच नव्हती. शेवटी 'इतर' म्हणून एक ओळ होती, तिथे लिही म्हटलं. पण मला दिवसभर चैन पडलं नाही. कारण ह्याच दोन तक्रारी घेऊन मी स्वतः आठ वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. एम.एस.डब्ल्यू. केलं, बायकांच्या आरोग्यावर वस्त्यांमधून बोलले, आणि फॉर्म करताना माझंच दुखणं विसरले. खरं तर विसरले नव्हते. ते कागदावर लिहिण्याजोगं आहे असं मलाच वाटत नव्हतं.

बी.ए. झाल्यावर पुढच्या शिक्षणाची फी जमवायला मी दीड वर्ष चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागले होते. पहाटे साडेपाचला तळवड्याच्या चौकात कंपनीची बस. लाइनवर उभ्याचं काम. बायकांचं स्वच्छतागृह शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. जायचं तर सुपरवायझरला सांगायचं, आपल्या जागी कुणी उभी राहीपर्यंत थांबायचं, आणि परत आल्यावर "किती वेळ?" हे सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. आम्ही मुलींनी ह्यावर आमचा उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही. निघताना अर्धा कप चहा आणि जेवताना दोन घोट. शौचाला लागली तरी दाबून धरायची. घरी पोचेपर्यंत ती भावना निघून गेलेली असायची.

सहा महिन्यांत जळजळ सुरू झाली. थेंब थेंब लघवी, पाच मिनिटांनी पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ. पोट फुगून टम्म, चार-चार दिवस साफ नाही, मग एक दिवस मुरडा. आईने धन्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवून दिला, एरंडेल दिलं. आजी म्हणाली, "बायकांना असतंच." नोकरी सोडली, पुण्यात शिकायला लागले, तरी दुखणं बरोबर आलं. कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची, लांबच्या एस.टी.ची धास्ती, परीक्षेच्या आदल्या रात्रीपासून उपास. विशीतली वर्षं मी अशी काढली.

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. डॉक्टर बदलले, गोळ्या त्याच राहिल्या. अखेर एकाने लघवीचं कल्चर करायला सांगितलं, तेही गोळ्या सुरू होऊन तिसऱ्या दिवशी. रिपोर्ट आला, जंतू नाहीत. जंतुनाशक औषध चालू असताना जंतू सापडणं अवघड असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. त्या कागदाने मात्र मला 'काही न झालेली' ठरवलं. पुढच्या प्रत्येकाने कागद पाहिला आणि मला विचारायचं थांबवलं. पोटाचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे. दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

एका दवाखान्यात वडील बरोबर होते. "लग्न झालंय का?" मी नाही म्हटल्यावर डॉक्टर वडिलांकडे वळले. "उरकून टाका. आपोआप ठीक होईल." वडिलांनी मान हलवली. मी पंचवीस वर्षांची, समाजकार्याची विद्यार्थिनी, खाली मान घालून बसले होते. घरी नेमकं उलटं चाललं होतं. स्थळं येत होती आणि आईची ताकीद होती, दवाखान्याचं बाहेर कुठे बोलायचं नाही. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी लग्न हे औषध, आणि घरच्यांच्या लेखी आजार ही लग्नातली अडचण. मला काय होतंय, हा प्रश्न दोन्हीकडे नव्हता.

तो प्रश्न एकोणतिसाव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी विचारला. दिवसातून किती वेळा जातेस? कुठे जातेस? पाणी किती पितेस? शौचाला कधी जातेस? तीन दिवस सगळं वेळेसकट वहीत लिहून आणायला सांगितलं. वही वाचून त्यांनी चित्र काढून दाखवलं. बद्धकोष्ठाने भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो, ते पुरतं रिकामं होत नाही, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. पुरुषाचा मूत्रमार्ग २० सेंटीमीटरच्या आसपास, बाईचा जेमतेम ४, त्यामुळे जंतूंना वाट जवळची. ह्या वेळी गोळीच्या आधी कल्चर केलं आणि जंतू सापडले. अर्ध्या दुखण्याचं नाव कळलं. उरलेल्याचं आजही कळलेलं नाही. पण 'नाव सापडलं नाही' आणि 'आजार नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं मी शिकले.

मैत्रिणींनो, हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास जननमार्गाच्या आजारांचा होता, पण त्याने शिकवलेली गोष्ट इथेही लागू आहे. बायका गप्प आहेत म्हणजे निरोगी आहेत असं नाही. आणि न तपासता उत्तर दिलं की काय होतं, ते बीडने दाखवलं. ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली असल्याचं २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलं. ओटीपोट दुखतंय? पिशवी काढा. लग्न नाही झालं? करून टाका.

कारखान्यात बायकांसाठी वेगळी आणि पुरेशी स्वच्छतागृहं हवीत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं गेलं. बायकांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी महापालिकांनी योजना करावी, असा आदेश 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. माझी आजी वारीत अंधार असतानाच शेतात जाऊन यायची आणि मग दिवसभर धरून ठेवायची. आता वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं उभी राहतात. लाखो वारकऱ्यांची सोय होऊ शकते, तर पहाटे चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलींची का होऊ नये? आणि कारखान्यात नुसतं स्वच्छतागृह असून भागत नाही. तिथे जायला मोकळीक लागते. ती मागणी संघटनांच्या मागणीपत्रात आली पाहिजे.

पण सगळा दोष स्वच्छतागृहावर टाकून आपणही मोकळ्या होऊ नये. लघवीत पू-पेशी दिसत राहतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये काही वाढत नाही, तेव्हा मूत्रमार्गाच्या क्षयाची तपासणी मागायला हवी. पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळा येत असतील, तर एंडोमेट्रिओसिस असू शकतो, आणि त्याचं निदान व्हायला अनेकींना वर्षं लागतात. लघवीतून वा शौचातून रक्त, थंडी-तापासोबत पाठीत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, ह्यात धने-पाण्यावर थांबू नये.

आमच्या फॉर्मवर आता चार प्रश्न वाढले आहेत. कामावर असताना लघवीला कुठे जाता? दिवसभरात किती वेळा? पाणी मुद्दाम कमी पिता का? पोट रोज साफ होतं का? तपासणीची वेळ आली तर अविवाहित मुलीला एकटीने बोलता यावं म्हणून आई-वडिलांना बाहेर बसवतो. पहिल्या दिवशी त्यावरून कुरबूर झाली, पण आम्ही ऐकलं नाही. 'इतर' ही ओळ आहे तशीच ठेवली आहे. तिथेही बायका आता काही ना काही लिहितात.

त्या मुलीचा फॉर्म मी जपून ठेवला आहे. 'इतर'समोर तिने बारीक अक्षरात लिहिलंय, "उन्हाळी, तीन वर्षं." तुमच्या गटाच्या फॉर्मवर तिला लिहायला जागा आहे का, एकदा काढून बघा.