दगड राहिले, कागद चालले

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि मराठवाड्यातील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांची कुलपे एकाएकी उघडू लागली. निजामी राजवटीतील महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची जुनी रजिस्टरे यांत ‘कुणबी’ अशी नोंद कोठे सापडते याचा शोध सुरू झाला. नोंदी मोडीत होत्या, उर्दूत होत्या; त्या वाचणारी माणसे हुडकून आणावी लागली. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या धावपळीने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली. ज्या बस्त्यांना कालपर्यंत रद्दीची किंमत नव्हती, त्यांच्यातील एका ओळीवर एखाद्या घरातील मुलाचे शिक्षण किंवा नोकरी अवलंबून असू शकते. आणि जेथे वाळवी आधीच पोहोचली असेल, तेथील माणसाने दाद कोणाकडे मागावयाची?

मराठवाड्याला इतिहासाची वानवा नाही. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःच्या खटपटीने जमविलेल्या हजारो प्राचीन वस्तूंतून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहाने तेच कार्य केले. सातवाहनकालीन मातीच्या खापराला आज काचेचे कपाट मिळते, हे योग्यच आहे. परंतु शे-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या कागदाला साधे लाकडी कपाटही मिळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तेरहून कोणता माल परदेशी जात असे हे विद्यार्थ्याला पुस्तकात वाचावयास मिळते. मात्र त्याच्या आजोबांच्या तरुणपणी जालन्याच्या किंवा लातूरच्या आडतीवर कापसाला काय भाव येत होता आणि सावकार कोणत्या दराने व्याज लावीत होता, हे त्याला कोण सांगणार? ते ज्या वह्यांत लिहिलेले आहे त्या वह्या कोणाच्या तरी माळ्यावर आहेत, किंवा होत्या.

या उपेक्षेला राजकीय इतिहासाचाही हातभार लागला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी सत्ता संपुष्टात आली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. बारा वर्षांत तीन वेळा कारभाराची घडी बदलली. संस्थानचे वरिष्ठ दप्तर हैदराबादेतच राहिले. पुण्यातील संशोधकाला पेशवे दप्तर हाताशी असते. नांदेडच्या किंवा बीडच्या अभ्यासकाला आपल्याच जिल्ह्याचे कागद पाहण्यासाठी परराज्यात जावे लागते, आणि तेथे गेल्यावर फार्सी-उर्दू येत नसेल तर हात हलवीत परतावे लागते. सेतुमाधवराव पगडींसारखे या भाषांत मुरलेले अभ्यासक प्रत्येक पिढीत आपोआप निपजतील, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे.

छायाचित्रांची कथा याहून खेदजनक आहे. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याने वेरूळ-अजिंठ्याची काढलेली छायाचित्रे मात्र शिल्लक आहेत, कारण त्यांच्या प्रती झाल्या होत्या. दीडशे वर्षांपूर्वीचा हा धडा आपण गिरवला असता, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली तेव्हा त्यांचे चेहरे तरी सर्वांना उरले असते. ज्या घराच्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणूस गाडला गेला, त्याच भिंतीवर त्याचा एकुलता एक फोटो टांगलेला असे. नवी गावे नव्या जागी, आखीव रस्त्यांची वसली. जुन्या गावातील वेस कोठे होती आणि आड कोठे होता, हे आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरले आहे. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचेही तेच. नाथसागराच्या लाभक्षेत्राची आकडेवारी मिळते, बुडालेल्या चावडीचे चित्र मिळत नाही.

तालुक्याच्या गावातील जुने फोटो स्टुडिओ या दृष्टीने एक एक दप्तरखानाच आहेत. लग्ने, शाळेचे वर्ग, सहकारी सोसायटीच्या सभा, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया, हे सारे त्यांच्या निगेटिव्हमध्ये आहे. मालक गेला, मुलाने मोबाईलचे दुकान थाटले की ते खोके भंगारात जाते. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. हे कोणास द्यावे हे सांगणारी जागाच गावात नाही.

सरकारी कागदांची गोष्ट निराळी. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात. अ वर्ग कायमचा, आणि ड वर्गाचे आयुष्य अगदी थोडे. कारभाराच्या सोयीसाठी हे आवश्यक आहे, हेही मान्य. पण रोजगार हमीच्या पहिल्या कामांवरील हजेरीपट हिशेबतपासणी संपली म्हणजे निरुपयोगी ठरतो तो लेखापालाच्या दृष्टीने. कोणत्या गावातून किती बाया, कोणत्या महिन्यात कामावर आल्या हे ज्याला अभ्यासावयाचे आहे, त्याच्यासाठी त्याहून मोलाचे साधन नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ पासून अस्तित्वात आहे. नष्ट करावयाच्या कागदांची यादी पुरालेखागाराच्या एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून प्रत्यक्षात जावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

बाकीचे काम शासनावर सोपवून मोकळे होण्यासारखे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात एक कोरडी खोली, एक स्कॅनर आणि मोडी शिकलेले दोन विद्यार्थी एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. मूळ कागद मालकाकडेच राहावा. देवघरातील सनद कोणी सहजासहजी हाताबाहेर देत नाही, आणि ती मागूही नये. नक्कल घ्यावी, आणि छायाचित्रातील माणसांची नावे सांगणारे कोणी हयात आहे तोवर ती लिहून घ्यावीत. संगणकात साठविले म्हणजे झाले, हा नवा भ्रम आहे. नाव, गाव, साल नसलेली दहा हजार चित्रे ही दहा हजार अनोळखी माणसे असतात. शिवाय साठवणीची तबकडीही बिघडते. म्हणून एक प्रत महाविद्यालयात, दुसरी जिल्हा ग्रंथालयात असावी. सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने नावे लिहून आणली, तरी पहिल्या वर्षाचे काम पुरेसे होईल.