गुणतक्त्याच्या पलीकडचा चढाईपटू

आकाश शिंदे पुणेरी पलटण सोडून बेंगळुरू बुल्सकडे गेला, तेव्हापासून सिन्नरच्या कबड्डीवाल्यांना एकच वाद पुरून उरला आहे. पलटणचा सगळ्यात मोठा चढाईपटू कोण? संध्याकाळी माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांतल्या पाळ्या सुटल्या की चहाच्या टपरीवर हाच विषय निघतो. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत आणि आता गेलेला आकाश या चौघांची नावे वरखाली होत राहतात. प्रो कबड्डीत नाशिकचा स्वतःचा संघ नाही. आपले गाव नाशिक-पुणे रस्त्यावरचे, त्यामुळे पुण्याचा संघ तो आपला असे इथे कधीच ठरून गेले आहे. त्या संघात नाशिकचा मुलगा खेळत होता तोवर आपलेपणाला जोर होता. तो गेला आणि आपल्यातच तट पडले.

वाद व्हावा. पण सध्या ज्या आधारांवर तो चालला आहे, ते कच्चे आहेत, आणि त्यांच्यामुळे चांगल्या खेळाडूवर अन्याय होतो आहे.

पहिला आधार गुणांचा. ज्याच्या नावावर चढाईचे गुण जास्त, तो मोठा. आकडा खोटे बोलत नाही, असे हा पक्ष म्हणतो. आकडा खोटे बोलत नाही हे मान्य, पण तो सगळे सांगतही नाही. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. चढाईपटू रेषा ओलांडून पाय टेकवतो, परत येतो आणि एक गुण होतो. त्या गुणाने आपला बाद झालेला एकही गडी आत येत नाही. तोच चढाईपटू एका गड्याला टच करून आला तर तक्त्यात तसाच एक गुण चढतो, पण समोरचा एक बाहेर जातो आणि आपला एक आत येतो, म्हणजे मैदानावर दोन माणसांचा फरक पडतो. तक्त्याला हे दोन्ही गुण सारखेच. आपले दोन गडी उरले आहेत, लोण अंगावर येते आहे, अशा वेळी मिळवलेला टच आणि पंधरा गुणांची आघाडी असताना मिळवलेला बोनस यांत फरक करायला तक्त्यात रकानाच नाही.

तिसऱ्या चढाईचेही तसेच आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद होतो. समोरच्या बचावाला हे ठाऊक असते. ते घाई करत नाहीत, कोपरे मागे घेतात, मधली साखळी बांधून उभे राहतात आणि तीस सेकंद संपण्याची वाट बघतात. अशी चढाई कोणाच्या वाट्याला द्यायची हे प्रशिक्षक ठरवतो, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूला दिली जाते. मुख्य चढाईपटू सुरक्षित राहावा म्हणून दुसऱ्याने धोका पत्करायचा. त्यात तो पकडला गेला की त्याची टक्केवारी घसरते आणि मोसमाच्या शेवटी आपण म्हणतो, अमक्यापेक्षा हा हलका. ज्याला मोकळे रान दिले त्याची आणि ज्याला काटेरी वाट दिली त्याची धाव एकाच घड्याळाने मोजायची, हा न्याय नव्हे.

या पक्षाने थोडा इतिहासही बघावा. 2019 च्या मोसमात पवन सेहरावतने बेंगळुरूसाठी चढाईचे 346 गुण केले, हरियाणाविरुद्ध तर एकाच सामन्यात 39. बेंगळुरू उपांत्य फेरीत दिल्लीकडून हरले. विजेतेपद बंगालला मिळाले, आणि अंतिम सामन्यात त्यांचा मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे मैदानात नव्हता. तो सामना इराणच्या मोहम्मद नबीबक्षने आणि इतरांनी मिळून काढला. प्रतिपक्षाकडे याला एक चांगले उत्तर आहे, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2017 मध्ये प्रदीप नरवालने पाटण्यासाठी 369 गुण केले आणि पाटणा जिंकलेही. म्हणजे आकडा आणि किताब एकाच घरी आले. ते आले, पण पाटण्याचा तो सलग तिसरा किताब होता. तो संघ आधीपासूनच उभा होता. गुणांना किंमत नाही असे माझे म्हणणे नाही. एकटे गुण पुरेसे नाहीत, एवढेच म्हणणे आहे.

पलटणचाच दाखला घ्या. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवले आणि पहिल्यांदा किताब जिंकला. त्या मोसमात चढाईच्या गुणांत दिल्लीचा आशू मलिक सगळ्यांच्या पुढे होता. पुण्याचा एकही चढाईपटू त्याच्या जवळपास नव्हता. तरीही मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुण्याचा कर्णधार अस्लम निवडला गेला. चढाईचे ओझे तीन-चार जणांनी वाटून घेतले होते आणि मागे मोहम्मदरेझा शादलू 99 गुणांच्या पकडी करत होता. एकाला बाहेर बसवले तरी दुसरा येणार, मग रोखायचे कोणाला, हा प्रश्न त्या संघाने समोरच्या प्रत्येक बचावफळीपुढे टाकला. त्या संघातल्या चढाईपटूंची वैयक्तिक बेरीज काढून त्यांना एकमेकांवर घालायचे म्हणजे ज्या गोष्टीमुळे ते जिंकले तीच विसरायची.

दुसरा आधार पैशाचा. लिलावात किती लागले ते बघा, बाजाराला कळते, असे काहीजण ठामपणे सांगतात. आकाशला बेंगळुरूने 50 लाखांहून अधिक मोजले. कोणाला ते फार वाटतात, कोणाला थोडे. पण बाजार कशाची किंमत लावतो? संघाला कोणती जागा भरायची आहे, खिशात किती उरले आहेत आणि त्या क्षणी समोर बोली लावणारा कोण आहे, याची. तेलुगू टायटन्सने 2023 मध्ये पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले. त्या मोसमात टायटन्सनी 22 पैकी दोन सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. पवन लहान खेळाडू झाला का? अजिबात नाही. पण त्या रकमेने संघही उभा राहिला नाही. रक्कम त्या दिवसाची गरज सांगते, खेळाडूची उंची सांगत नाही.

तिसरा आधार मला सगळ्यात जास्त खुपतो. "गेला ना? मग तो आपला नाही. पलटणच्या यादीतून नाव काढा." हे म्हणणाऱ्यांना लिलावाची रीत ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते ती बाजूला ठेवतात. मोसम संपला की संघ काही खेळाडू राखतो आणि बाकीच्यांना सोडतो. सोडलेला खेळाडू लिलावात उभा राहतो. पुढे तो कोणत्या शहरात राहणार हे बोली लावणारे ठरवतात. यात निष्ठेची परीक्षा कुठे आली? मुंबईचे उदाहरण आठवा. अनुप कुमार कर्णधार असताना यू मुंबाने पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरी गाठली आणि 2015 मध्ये किताब जिंकला. पाचव्या मोसमानंतर अनुप जयपूरकडून खेळला आणि डिसेंबर 2018 मध्ये निवृत्त झाला. शेवटच्या मोसमात त्याच्या अंगावर जयपूरची जर्सी होती म्हणून तो मुंबईचा नव्हता, असे मुंबईकर कधी म्हणतील का? त्याच 2018 च्या मोसमात मुंबईकडे कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाई आला आणि त्याने चढाईचे 200 हून अधिक गुण लुटले. त्याची ताकद बघून आपणही थक्क झालो होतो. पुढच्याच वर्षी 1 कोटी 45 लाखांना तो तेलुगू टायटन्सकडे गेला. त्याचे त्या मोसमातले गुण अनुपच्या पहिल्या मोसमातल्या गुणांपेक्षा जास्त होते, तरी मुंबईचा मोठा चढाईपटू कोण म्हटले की आधी अनुपचेच नाव येते, आणि ते बरोबर आहे. अनुप कधी बोनस घेऊन स्वस्थ परत यायचा, कधी वेळ काढायचा, कधी समोरच्याला पुढे ओढून टच करायचा. सामना कोणत्या वळणावर आहे हे त्याच्या पायांना कळत होते.

आकाशच्या जाण्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि निष्ठावाद्यांनी ती शांतपणे ऐकावी. 2024 मध्ये पलटणला किताब मिळवून दिला तो प्रशिक्षक बी. सी. रमेश. 2019 मध्ये बंगाल जिंकला तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षकही तोच. 2025 मध्ये रमेश बेंगळुरूकडे गेला, आणि त्याच वर्षीच्या लिलावात आकाशही बेंगळुरूकडे आला. ज्या माणसाने एकच तारा न ठेवता दोन वेगवेगळे संघ जिंकवून दाखवले, ज्याने आकाशला रोजच्या सरावात जवळून पाहिले, त्याच्या नव्या संघाने या मुलासाठी पैसे मोजले. टपरीवरच्या दहा मतांपेक्षा मला हे एक मत जड वाटते.

याच्या उलट टोकाला आपलीच माणसे आहेत. आकाश नाशिकचा, म्हणून तोच पलटणचा सर्वश्रेष्ठ, असे ती म्हणतात. त्यांचे प्रेम मला कळते, माझेही आहे. 2023 च्या आशियाई स्पर्धेत हांगझोऊला भारताने इराणला हरवून सुवर्ण जिंकले, त्या संघात अस्लमबरोबर आकाशही होता, तेव्हा आपल्या तालुक्यात किती आनंद झाला होता! पण गाव हा खेळ मोजण्याचा आधार होऊ शकत नाही. तसे केले तर अहिल्यानगरवाल्यांनी डोळे मिटून अस्लमला पहिला म्हणायचे आणि आपण आकाशला. मग वाद करायचा कशाला, नकाशा काढून वाटणी करून टाकावी. शिवाय असल्या कौतुकाने आकाशच्या खऱ्या कामाकडे कोणी बघतच नाही.

ते काम कोणते? 2024 च्या मोसमात गतविजेती पलटण उतरली आणि थोड्याच सामन्यांत अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. कर्णधारपद आकाशकडे आले. शादलू आधीच हरियाणाकडे गेला होता. संघ बाद फेरीपर्यंत पोचला नाही, म्हणून टीकाकारांनी ते वर्ष आकाशच्या खात्यात तोटा म्हणून लिहिले आहे. मला ते वर्ष त्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा वाटते. आधी तो चौघांतला एक होता. आता समोरचे सातही जण त्याच्यासाठीच सापळा लावून उभे. संघ कोसळत असताना रोज पहिली चढाई करायला जाणे, पकडले जाणे, बाकावर बसून आपला गडी कधी गुण आणतो याची वाट बघणे आणि परत उभे राहून पुन्हा मध्यरेषा ओलांडणे, हे ज्याने केले त्याला "अपयशी कर्णधार" म्हणून मोकळे होता येत नाही.

"तो गेल्यावरही पलटण 2025 मध्ये अंतिम फेरीत गेलीच की", हा त्यावरचा ठरलेला टोला. गेली. 31 ऑक्टोबरला दिल्लीत 31-28 अशी हरलीही. त्या तीन गुणांच्या जागी आकाश असता तर काय झाले असते हे मी सांगू शकत नाही, आणि तो नसल्याने काहीच बिघडले नाही हे त्यांनाही सांगता येत नाही. अस्लम बरा होऊन परतला होता. कर्णधार मैदानात असलेल्या आणि नसलेल्या वर्षांची तुलना करून तिसऱ्याच खेळाडूला गरजेचा नव्हता ठरवणे, हा तर्क टिकत नाही.

काही वडीलधारे म्हणतात, तुलनाच करू नका, सगळेच चांगले. त्यांचा मान राखून मी असहमत आहे. बुवा साळवींच्या पिढीने हा खेळ मातीतून उचलून 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेला. त्या काळातल्या किती खेळाडूंचे चित्रण आपल्याकडे आहे? त्यांची नावे टिकली ती लोक त्यांच्याबद्दल भांडत राहिले म्हणून. कोणाचा हात लांब, कोणाची उडी उंच, कोण कोपऱ्यातल्या पकडीतून निसटायचा, हे बोलण्यातूनच पुढच्या पिढीकडे आले. भांडण बंद झाले की नावे पुसली जातात. दीपक निवास हुडाचेच बघा. पलटण नवखी होती, तिच्या नावावर किताब नव्हता, तेव्हा त्याने सलग काही मोसम चढाईचा भार पेलला. आज त्याचे नाव टपरीवर कोणी घेत नाही.

मग माझा क्रम मीच सांगतो, कारण दुसऱ्यांचे खोडून स्वतःचे झाकून ठेवणे बरे नाही. माझी कसोटी एकच आहे: संघ अडचणीत असताना या माणसाने मध्यरेषा ओलांडल्यावर काय बदलले?

अस्लम पहिला. चढाई, वेळेवर पकड आणि कर्णधाराचे डोके, तिन्ही त्याच्याकडे आहे. दुसरा हुडा, कारण त्याच्यामागे अस्लमसारखा दुसरा कोणी नव्हता. तिसरा पंकज मोहिते. 2022 च्या उपांत्य सामन्यात पलटणने तमिळ थलैवाजला 39-37 असे हरवले, तेव्हा दुखापतींनी चढाईची फळी विस्कटली होती आणि पंकजने 16 गुण आणले. 2024 च्या अंतिम सामन्यात त्याच्याच चार गुणांच्या एका चढाईने हरियाणाचा बचाव मोडला. गुणतक्त्यात पंकज कधी वरच्या ओळीत दिसला नाही, पण हे दोन सामने त्याच्याशिवाय आठवत नाहीत.

चौथा आकाश. माझ्या नाशिककर मित्रांना हा क्रमांक कमी वाटेल. त्यांनी त्याच्या मागे कोण उभे आहेत ते बघावे. पलटणची जर्सी अजय ठाकूरनेही घातली आहे, नितीन तोमरने घातली आहे, राहुल चौधरीनेही घातली आहे. भारतीय कबड्डीत या तिघांचा दबदबा आकाशपेक्षा कितीतरी मोठा. पण पुण्यासाठी खेळताना, पुणे अडचणीत असताना, आकाशइतकी मध्यरेषा या तिघांपैकी कोणीही ओलांडलेली नाही.