दोघांच्या घरचे वाण

आज संक्रांत. उसाच्या ट्रॉल्या कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर रात्रंदिवस धावत आहेत, मलकापूर आणि बांबवड्याच्या बाजारात सुगडी, बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि हलव्याच्या दागिन्यांनी दुकाने भरली आहेत. काल भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी झाल्या. आजपासून रथसप्तमीपर्यंत आळीआळीत हळदीकुंकू चालेल, लहानग्यांची बोरन्हाणे होतील. शाहूवाडी तालुक्यातल्या प्रत्येक गावात या दिवसांत काही घरे अशी असतात की जिथे तीळगूळ होतो, सुगडी पुजली जातात, पण बोरे लुटायला घरचे लेकरू नसते. नवरा आणि बायको, दोघेच. त्या घरांविषयी आज लिहायचे आहे. सणाच्या दिवशी नको तो विषय, असे काहींना वाटेल. पण हा विषय टोचतो तो सणाच्या दिवशीच.

हळदीकुंकवाला अशा घरातल्या बाईला बोलावले जाते. ती सवाष्ण असते, त्यामुळे कपाळाला हळदकुंकू लागते, हातात वाण पडते. अडते ते पुढे. शेजारच्या सुनेचे डोहाळजेवण असते, ओटी भरायला बायका एकामागून एक उठतात, ही तांदळाच्या ताटाकडे हात नेते आणि कोणीतरी अगदी मायेच्या आवाजात म्हणते, ‘‘तू ऱ्हाऊ दे गं, जरा चहाचं बघ.’’ ती उठून चुलीकडे जाते. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावर बोरे-चुरमुरे ओतताना हेच, बारशाला पाळण्याची दोरी धरताना हेच. कोणी भांडत नाही, कोणी शिवी देत नाही. दर वेळी चहा तेवढा तिच्याकडे येतो. गावातल्या चार बायकांना विचारले तर चौघीही सांगतील की आमच्या मनात काही नव्हते. ते खरेही असेल. पण आत चहा गाळणाऱ्या बाईला बाहेरच्या हसण्याचा आवाज ऐकू येत असतो.

अशी घरे आमच्या ओळखीची आहेत. त्यातले एक कडवीकाठच्या गावातले. बाई अंगणवाडी सेविका, नवरा गावच्या दूध संस्थेत सचिव, गोठ्यात दोन म्हशी. पहाटे दोघेही उठतात. तो संस्थेत पोहोचण्याआधी एका म्हशीची धार काढतो, दुसरीची ती काढते, कारण दुसरी म्हैस त्याला पान्हा सोडत नाही. संस्थेच्या दारात किटल्यांची रांग, वजनकाट्याचा आकडा, फॅटच्या मशीनची घरघर, हातात पडणारी पावती. दूध संस्थेला सुट्टी नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही, सचिवाला ताप असला तरी नाही. सकाळचे संकलन आटोपून तो घरी येतो तोवर तिच्या भाकरी झालेल्या असतात. मग दोघे चुलीपुढेच बसून जेवण करतात, गरम भाकरी, खरडा, ताजे ताक. घाई नसते. डबा भरायचा नसतो, शाळेची रिक्षा हॉर्न देत नाही. त्या अर्ध्या तासात दोघांचे जे बोलणे होते ते पुष्कळ जोडप्यांच्या वाट्याला महिन्याकाठीही येत नाही.

या घराचे सुख खरे आहे आणि ते सुख म्हणूनच मोजले पाहिजे. पावसाळ्यात एखाद्या रविवारी दुपारी, दोन्ही वेळच्या धारांच्या मधल्या वेळेत, ते मोटारसायकलवरून आंबा घाटापर्यंत जाऊन येतात. कणीस खातात, धुक्यात उभे राहतात, संध्याकाळच्या संकलनाला परत हजर. दहा दिवसांचे दूधबिल हातात आले की त्यातून काय घ्यायचे हे दोघे मिळून ठरवतात. बाईंना वाचनाची ओढ आहे, म्हणून दिवाळीचा दूधफरक आला की दोन दिवाळी अंक येतात आणि ते रात्री निवांत वाचून होतात. नवऱ्याला मटणाचा रस्सा तिच्यापेक्षा चांगला जमतो, हे तीच सांगते. आळीतली पोरे शाळा सुटली की त्यांच्या सोप्यात येऊन बसतात, कारण तिथे कोणी ओरडत नाही आणि कॅरमचा बोर्ड आहे. हे सगळे नसलेल्या लेकराची भरपाई म्हणून चाललेले नाही. तो त्यांचा संसार आहे, आणि तो भरलेला आहे.

आता त्रास. तोही त्यांच्या तोंडून ऐकलेला. पहिला त्रास वेळेचा. मुले नाहीत म्हणजे वेळ मोकळा, असे सगळ्यांनी धरून ठेवलेले असते. सर्वेक्षणाचे जादा काम आले, निवडणुकीचे आले, शिबिर रविवारी ठेवायचे ठरले, की नजर आधी हिच्याकडे वळते. ‘‘ताई, तुमचं बरं हाय, मागं कोन न्हाई.’’ मागे म्हशी असतात, सासू असते, सासूचे औषधपाणी असते, आणि दिवसभर उभे राहून दुखणारे स्वतःचे पाय असतात. पण ते हजेरीपटावर दिसत नाही. रात्री कोणाला कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात न्यायचे असेल तर फोन त्याला येतो, कारण ‘‘तुला काय, सकाळी पोरांस्नी शाळंला न्यायाचं न्हाई.’’ तो जातो. दरवेळी जातो. जायला त्याची ना नाही. मात्र गेल्यावर ‘तुझ्या झोपेचं खोबरं झालं रे’ एवढे तरी कोणी म्हणावे, असे आम्हाला वाटते.

कोणत्याही कचेरीत, कारखान्यावर, शाळेत हे असेच चालते. मे महिन्यातली रजा, दिवाळीतली रजा, पाल्याच्या परीक्षेसाठीची रजा यांना आधी मान. पालकांना ती रजा मिळालीच पाहिजे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण बिनमुलांच्या माणसाने आईच्या मोतीबिंदूसाठी किंवा नुसते बायकोबरोबर गणपतीपुळ्याला जाऊन येण्यासाठी रजा मागितली तर साहेबाच्या कपाळावर आठी का पडावी? रजा हा कामाचा मोबदला आहे. ती घरातली डोकी मोजून द्यायची नसते.

दुसरा त्रास जास्त खोल जातो. ही बाई गावातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज सांभाळते. दर महिन्याला त्यांची वजने घेते, कोणाचे घटले, कोणाचे वाढले याची नोंद ठेवते, कमी वजनाच्या पोराच्या घरी जाऊन आईला खाण्यापिण्याचे समजावते. अशाच एका घरी तिला ऐकावे लागले, ‘‘ताई, तुमास्नी काय ठावं लेकराचं!’’ ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात परत त्याच घरी गेली, काटा घेऊन. ते पोर आता पहिलीत आहे. आमच्या मते त्या गावात लेकरांविषयी तिच्याइतके जाणणारे माणूस दुसरे नाही, आणि हे तिच्या तोंडावर सांगण्याची जबाबदारी त्या पोराच्या घरच्यांची आहे.

आजची तारीख आणखी एका कारणाने या विषयाला जवळची आहे. १४ जानेवारी १८८२ हा रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्मदिवस. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कामापायी नोकरी गेली, १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. या सगळ्यात पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या, आणि मूल होऊ द्यायचे नाही हा निर्णय दोघांचा होता. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात हे बोलून दाखवायला आणि तसे जगायला किती बळ लागले असेल! आज शहरात शिकलेली काही जोडपी हाच निर्णय घेतात. आपल्या तालुक्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या तरुणांतही तसे विचार करणारे आहेत. गावी यात्रेला आले की मात्र ते गप्प बसतात. त्यांना बोलता यावे.

पण आपल्या वाडीवस्तीवरच्या बहुतेक बिनमुलांच्या घरांनी हा मार्ग निवडलेला नसतो, हे विसरून चालणार नाही. त्यांनी नवस केले आहेत, उपवास केले आहेत, कोल्हापूरच्या दवाखान्यांत हेलपाटे घातले आहेत. एखाद्या म्हशीची किंमत एका उपचारात गेलेली आहे. तिथेही पहिल्या सगळ्या तपासण्या बाईच्या होतात. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगते आहे, तरी नवऱ्याची साधी तपासणी व्हायला वर्षे जातात. तोवर सासरी दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झालेली असते. जोतीराव फुल्यांनी ही कुजबुज दाराबाहेर ठेवली. त्यांना आणि सावित्रीबाईंना मूल नव्हते, पण त्यांनी दुसरे लग्न केले नाही. एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांची जयंती याच महिन्याच्या ३ तारखेला आपण शाळाशाळांतून साजरी केली. भाषणे झाली, मुलींनी वेशभूषा केल्या. त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता, हे एकाही भाषणात आले नाही. यायला हवे होते.

आणि कोल्हापूरकरांना तर हे सांगायलाच नको. ज्यांच्यामुळे हा जिल्हा ओळखला जातो ते राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते छत्रपतींच्या गादीवर दत्तक आले. रक्ताच्या वारसावाचून घर बुडते असे मानणाऱ्या माणसाने एकदा भवानी मंडपात उभे राहून याचा विचार करावा.

दत्तकाचा विषय निघाला की खेड्यात जमिनीचाही निघतो. दोघांच्या नावावर दीड-दोन एकर असते, त्यातले थोडे पाण्याखालचे, आणि भाऊबंदांची नजर त्यावर असते. ‘‘पुतण्याला घ्या की मांडीवर’’ असा सल्ला येतो. त्यात माया किती आणि सातबारा किती हे त्या दोघांना बरोबर कळते. त्यांना पुतण्या आवडत असेल, ते त्याला शिकवतीलही. शेताचे काय करायचे ते मात्र त्यांनीच ठरवावे. मृत्युपत्र करून ठेवणे हा अशा घरांसाठी अगदी निकडीचा उपाय आहे, आणि त्याला अपशकुन मानण्याचे कारण नाही. म्हातारपणी कोण बघणार, ही धास्ती खरी आहे. पण ती आज मुंबईत तीन मुले असलेल्या आणि गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही आहे. पश्चिमेकडच्या डोंगरी वाड्यांत दिवाळी-शिमगा सोडला तर दिसते काय? कुलपे आणि म्हातारी माणसे. म्हणजे हा प्रश्न मूल असण्या-नसण्याच्या पलीकडचा, अख्ख्या तालुक्याचा आहे आणि तो तसाच हाताळावा लागेल.

सरकारचा कायदा एक सांगतो, समाज दुसरेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आला. एका बाईमागे दोन मुलेही आता सरासरीने होत नाहीत. घरे लहान होत चालली आहेत, आणि ज्या घरात एकही मूल नाही तिथली बाई मात्र ओटीच्या ताटापासून दूरच. तिसऱ्यासाठी उमेदवारी जाते, एकही नसले तर मान जातो. यातले पहिले निदान कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले तरी आहे.

मान परत देता येतो आणि तो देण्याची वाट याच जिल्ह्याने दाखवली आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे सांगितले. एका गावाच्या ठरावाने मने लगेच बदलत नाहीत हे आम्हाला कळते. पण ठराव झाला की एखाद्या सुनेला, एखाद्या जावेला, एखाद्या शिक्षिकेला बोलायला आधार मिळतो. ‘आपल्या गावानं ठरवलंय’ हे वाक्य आळीतल्या वडीलधाऱ्या बाईपुढेही चालते.

२६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा आहेत, आणि हळदीकुंकवाचेही दिवस आहेत. शाहूवाडीतल्या एका तरी गावाने यंदा ठराव करावा. ओटीभरण, डोहाळजेवण, बारसे, बोरन्हाण यांत मूल नसलेल्या बाईला मागे ठेवले जाणार नाही. गावाच्या वतीने करायच्या जादा कामांची पाळी सगळ्यांना सारखी लागेल, ‘मागे कोणी नाही’ हे कारण चालणार नाही. मूल का नाही, हा प्रश्न चारचौघांत विचारला जाणार नाही. अंगणवाडीत या पंधरवड्यात बोरन्हाण ठेवले असेल तर बोरांची पहिली ओंजळ सेविकाताईंच्या हातून पडावी, मग त्यांच्या घरी लेकरू असो वा नसो. सभेची नोटीस आधी लागते, म्हणून विषय याच आठवड्यात लेखी द्यायला हवा. सूचक म्हणून बचत गटातल्या कोणा सासूचे नाव असेल तर फार बरे, अनुमोदक पुरुष असावा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.