बदलून बघू!

मराठीतले सगळ्यांत महाग दोन शब्द कोणते, असं कुणी विचारलं तर मी सोन्यानाण्याकडे ढुंकूनही बघणार नाही. ते शब्द आहेत 'बदलून बघू', आणि ते मोटारीच्या गॅरेजात फुकट ऐकायला मिळतात. पैसे नंतर पडतात.

गाडी मिसिंग मारू लागते. सिग्नलला हिवताप भरल्यासारखी थरथरते, चढाला दम टाकते. फिटर बॉनेट उघडतो, फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, "साहेब, प्लग बदलून बघू." प्लग बदलतात, थरथर कायम. "मग कॉइल बदलून बघू." मग सेन्सर. या व्यवहारात बदलतो तो आणि बघतो मी. तेसुद्धा इंजिन नव्हे, बिल! उद्या तापासाठी डॉक्टरांकडे गेलो आणि ते म्हणाले, "आधी मूत्रपिंड बदलून बघू," तर आपण चप्पल न घालता पळू. गॅरेजात मात्र मान डोलावतो.

वास्तविक पेट्रोल इंजिनाच्या गरजा संसारी माणसापेक्षा कमी. हवा, पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरात पुरेसा दाब. चारांपैकी काय कमी पडतंय एवढंच शोधायचं. कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी बनत होती, त्या काळचा फिटर चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढायचा. वायर काढल्यावर इंजिन कण्हलं, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, की समजायचं, कामचुकार हाच! (ही परीक्षा कचेऱ्यांत घेऊ नये. निम्म्या वायरी काढल्या तरी आवाज बदलायचा नाही.) मग त्याचा प्लग काढून रंग बघायचा. बिस्किटासारखा तांबूस असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघा, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी. खर्च शून्य.

आता स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आलं आणि हातात स्कॅनर. तो सांगतो 'पी ०३०१'. म्हणजे काय, तर पहिल्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. बास! का पेटत नाही, हे त्याने कुठे सांगितलं? बऱ्याच गाड्यांत दर सिलिंडरला वेगळी कॉइल असते. पहिलीची तिसऱ्यावर लावा, तिसरीची पहिल्यावर. कोड '०३०३' झाला तर कॉइल गुन्हेगार. तिथेच राहिला तर ती निर्दोष. प्लगांची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. दहा मिनिटांचं काम, पण नव्या कॉइलचं खोकं फोडायला दोनच लागतात ना!

'पी ०१७१'चं तर विचारूच नका. अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी आहे. लगेच ऑक्सिजन सेन्सरला फाशी! अहो, त्या बिचाऱ्याने फक्त बातमी दिली. हवा आत ओढणारी रबरी नळी फाटलीय का, पंप थकलाय का, हे बघा की. नुसती उभी असताना थरथरते आणि हायवेला सुधारते, तर हवेची गळती शोधा. उभी असताना गुणी आणि घाटात ढेपाळते, तर पेट्रोल पुरतंय का, सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का, ते बघा. "कधी होतं साहेब? थंड असताना की तापल्यावर?" एवढं विचारायला स्कॅनरही लागत नाही.

आणि हा बदलाबदलीचा खेळ चालू असताना न जळलेलं पेट्रोल त्या कन्व्हर्टरात जाऊन त्यालाच भाजून काढतं. त्याची किंमत विचारा आणि मग बसा.

फिटरची बाजूही ऐकली आहे. "साहेब, तासभर डोकं चालवलं तर त्याचे पैसे कोण देतं? गिऱ्हाईक पार्टचे देतं." हे खरं आहे आणि यात गिऱ्हाईकच जास्त दोषी. सीलबंद खोक्याला आपण निमूट पैसे मोजतो आणि अकलेला म्हणतो, "नुसतं बघितलंत तर!"

तेव्हा बिलात 'तपासणी' अशी ओळ खुशाल घाला. मी घासाघीस करणार नाही. फक्त ती खोकी फोडण्याआधीची असू द्या. माझ्या डिकीत सध्या तीन कॉइल आणि एक सेन्सर खटला न चालवता शिक्षा भोगताहेत. स्टेपनीला जागा उरलेली नाही.